शांतता कुणाची? : ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’च्या निमित्ताने

युद्धांचा इतिहास जेत्यांनी लिहिला, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की ते उच्चारल्याने कुणाचेच काही बिघडत नाही. ते खरे आहे. पण जेते आणि जित ही विभागणी दोन सैन्यांपुरती आणि दोन सत्तांपुरतीच असते. दोन्ही सैन्यांची ओझी वाहणारा, दोन्हीकडून मरणारा आणि तह झाल्यावर पुन्हा पहिल्याच कामाला जुंपला जाणारा जो माणूस आहे, तो या विभागणीत कुठेच बसत नाही. त्याचे युद्ध केव्हा सुरू झाले? त्याला शांतता केव्हा लाभली? युद्ध, क्रांती आणि शांतता यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी हा प्रश्न क्वचितच विचारला. ज्या थोड्या ग्रंथांनी तो विचारला त्यांत सी. एल. आर. जेम्स या त्रिनिदादच्या कृष्णवर्णीय लेखकाचा ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ हा ग्रंथ अग्रभागी आहे. १९३८ साली तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याने काय साधले, तो कोठे थबकला आणि दलित इतिहासलेखनाने त्यातून काय घ्यावे, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

आपल्याकडे कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी दलितांच्या लढ्याची तुलना नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील चळवळीवरून घेतले. मात्र या तुलनेत आपले लक्ष अमेरिकेवरच खिळून राहिले. जेथे गुलामांनी स्वतः शस्त्र हाती घेऊन स्वतःचे राष्ट्र निर्माण केले, त्या हैतीकडे आपण जेवढे पाहावयास हवे होते तेवढे पाहिले नाही.

१

हैतीचे पूर्वीचे नाव सेंट डोमिंग. कॅरिबियन समुद्रातील ही फ्रेंच वसाहत अठराव्या शतकाच्या अखेरीस जगातील सर्वांत श्रीमंत वसाहत मानली जाई. तिची साखर आणि कॉफी युरोपभर जात होती, आणि ती पिकविणारे सुमारे पाच लाख गुलाम होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आफ्रिकेत जन्मलेले, म्हणजे जहाजांतून धरून आणलेले होते. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मळ्यांतील गुलामांनी उठाव केला, उसाचे मळे पेटविले. तेव्हापासून तेरा वर्षे हे युद्ध चालले. फ्रेंच मळेवाले, स्पेनचे सैन्य, इंग्लंडचे सैन्य आणि शेवटी नेपोलियनचे सैन्य अशा सगळ्यांशी झुंजून १ जानेवारी १८०४ रोजी हैतीने स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांनी यशस्वी केलेली आणि त्यातून राज्य उभे केलेली अशी दुसरी क्रांती इतिहासाला माहीत नाही.

या क्रांतीचा नायक टूसाँ लूव्हेर्त्यूर. जन्माने गुलाम, पुढे मुक्त झालेला, लिहावाचायला शिकलेला, आणि जेम्सच्या मते त्या काळातील नेपोलियन सोडता सर्वांत असामान्य पुरुष. जेम्सचा ग्रंथ त्याच्याभोवती उभा आहे. पण जेम्सचे मोठेपण नायकाच्या गौरवात नाही. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास पॅरिसमध्ये घडला आणि वसाहतींत त्याचे पडसाद उमटले, ही रूढ मांडणी त्याने उलटी केली. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी गुलामगिरी रद्द केली हे सर्व पाठ्यपुस्तके सांगतात. त्याआधी, ऑगस्ट १७९३ मध्ये, फ्रान्सचा प्रतिनिधी सोंतोना याला सेंट डोमिंगच्या उत्तर प्रांतात गुलामांची मुक्ती जाहीर करावी लागली होती, आणि ती करावी लागली कारण गुलाम दोन वर्षे लढत होते. मुक्ती पॅरिसने दिली नव्हती. मळ्यांत जे आधीच घडून गेले होते त्यावर पॅरिसने मोहोर उठविली. समता-स्वातंत्र्य-बंधुता हे शब्द फ्रान्सचे असतील. त्यांचा शेवटपर्यंतचा अर्थ मात्र सेंट डोमिंगच्या गुलामांनी लावला. ‘काळे जॅकोबिन’ हे शीर्षक जेम्सने या अर्थाने योजले आहे.

त्याने हे लिहिले तो काळही लक्षात घ्यावा. १९३५ साली इटलीने इथिओपियावर आक्रमण केले होते. आफ्रिका स्वतंत्र होईल असे म्हणणाऱ्याला वेडा समजले जात होते. अशा वेळी जेम्सने १७९१ ची साक्ष काढली ती आफ्रिकेच्या भवितव्यासाठी. प्रस्थापित विद्वत्तेची तटस्थता त्याने पत्करली नाही आणि पुराव्याशी बेइमानीही केली नाही. बांधिलकी आणि अभ्यास यांचे वैर असते असे आपल्याला वारंवार ऐकविणाऱ्या समीक्षकांनी हा ग्रंथ एकदा मुळातून वाचावा.

२

‘शांतता’ या शब्दाचे खरे स्वरूप या इतिहासात जसे उघडे पडते तसे क्वचितच कुठे पडले असेल. ऑक्टोबर १८०१ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात तहाची प्राथमिक बोलणी पक्की झाली आणि मार्च १८०२ मध्ये आमिअँ येथे तहावर सह्या झाल्या. युरोपच्या इतिहासग्रंथांत ही वर्षे शांततेची म्हणून नोंदलेली आहेत. दहा वर्षांच्या लढायांनंतर लोकांनी निःश्वास टाकला, लंडनचे प्रवासी पुन्हा पॅरिसला जाऊ लागले, वगैरे वर्णने त्यांत वाचायला मिळतात.

या शांततेने सेंट डोमिंगला काय दिले? इंग्लंडच्या आरमाराचा अडथळा दूर होताच नेपोलियनने डिसेंबर १८०१ मध्ये आपला मेहुणा लक्लेर याच्या हाताखाली प्रचंड आरमार तिकडे रवाना केले. मे १८०२ च्या कायद्याने तहात परत मिळालेल्या वसाहतींत गुलामगिरी कायम ठेवण्यात आली. त्याच महिन्यात ग्वादेलूप बेटावर देल्ग्रेस आणि त्याचे सहकारी शरण जाण्याऐवजी स्वतःला स्फोटात उडवून घेऊन मेले, आणि तेथे गुलामगिरी पुन्हा लादली गेली. जूनमध्ये टूसाँला भेटीच्या निमित्ताने बोलावून दग्याने पकडले. फ्रान्समधील ज्यूरा पर्वतातल्या थंड किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी त्याचा अंत झाला. म्हणजे युरोपात शांतता नांदत होती म्हणूनच काळ्या माणसाला पुन्हा साखळदंडात घालण्याचे युद्ध शक्य झाले. आणि पुढे मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध पुन्हा पेटले, इंग्रज आरमाराने फ्रेंचांची रसद तोडली, तेव्हा देसालीनच्या सैन्याचा मार्ग सुकर झाला. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तिएर येथे फ्रेंचांचा अखेरचा पराभव झाला. मालकांची शांतता ती गुलामांचे युद्ध, आणि मालकांचे युद्ध ती गुलामांची संधी, असा हा उलटा हिशेब आहे.

जेम्सच्या ग्रंथात हे सर्व तपशील आहेत. तरीही त्याने ‘शांतता’ या संकल्पनेची स्वतंत्र चिकित्सा केलेली नाही. तो क्रांतीचा अभ्यासक आहे; वर्ग, नेतृत्व आणि जनता ही त्याची परिमाणे आहेत. १६८५ च्या फ्रेंच ‘काळ्या कायद्या’पासून १७९१ पर्यंत सेंट डोमिंगमध्ये जी ‘शांतता’ होती, ती फटक्यांनी, डागण्यांनी आणि माणसे कामावर मरेपर्यंत राबवून टिकविलेली होती, याचे जळजळीत वर्णन त्याने पहिल्याच प्रकरणात केले आहे. त्या वर्णनाचा तर्कशुद्ध निष्कर्ष असा की युद्ध १७९१ साली सुरू झालेच नाही. ते शंभराहून अधिक वर्षे एका बाजूने चालू होते. १७९१ साली दुसरी बाजू लढू लागली, एवढाच फरक. हा निष्कर्ष जेम्स वाचकावर सोडून देतो.

३

या ग्रंथाचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत वादग्रस्त भाग टूसाँच्या अपयशासंबंधीचा आहे. सत्ता हाती आल्यावर टूसाँने मळे मोडू दिले नाहीत. देश टिकवायचा तर निर्यात हवी, निर्यातीसाठी मळे हवेत, मळ्यांसाठी मजूर हवेत, हा त्याचा विचार होता. १८०० साली त्याने शेतमजुरांना लष्करी शिस्तीखाली आणले. चाबूक गेला, मजुरीचा वाटा आला. पण मळा सोडून जाण्याची मुभा राहिली नाही. १८०१ च्या त्याच्या राज्यघटनेने गुलामगिरी कायमची रद्द केली आणि त्याच घटनेत बाहेरून मजूर आणण्याची तरतूदही ठेवली. ज्याने मालकाचा मळा जाळला त्याला स्वतःची जमीन हवी होती. त्याच्या हाती पुन्हा त्याच मळ्यातला कोयता आला. १८०१ च्या ऑक्टोबरात उत्तरेतील मजूर उठले. टूसाँचा मानलेला पुतण्या सेनापती मोईझ त्यांच्या बाजूचा समजला जात होता. टूसाँने त्याला गोळ्या घालून ठार केले.

जेम्स येथे डगमगत नाही. आपल्याच लोकांना विश्वासात न घेता त्यांच्यावर बळ वापरणे हा टूसाँच्या ऱ्हासाचा आरंभ होता, असे तो स्पष्ट सांगतो. लक्लेरचे सैन्य उतरले तेव्हा मोईझची माणसे टूसाँच्या मागे उभी राहिली नाहीत. हे सांगण्यास धैर्य लागते, कारण काळ्या माणसाच्या नायकाची निंदा करायला गोरे इतिहासकार टपलेलेच होते. नायकाची पूजा बांधली तर ज्यांच्यासाठी तो लढला त्यांचाच आवाज दाबला जातो, हे जेम्सने ओळखले होते.

असे असूनही तो या अपयशाकडे शोकांतिका म्हणून पाहतो. १९६३ च्या आवृत्तीत त्याने टूसाँच्या शोकांतिकेवर काही परिच्छेद मुद्दाम वाढविले. शोकांतिका एका थोर व्यक्तीची असते. मळ्यात परत पाठविलेल्या हजारोंची शोकांतिका या नाट्यरचनेत मावत नाही; ते समूहगानातच राहतात. १९७१ साली अटलांटा येथील व्याख्यानांत जेम्सने स्वतःच सांगितले, की हा ग्रंथ आज पुन्हा लिहिला तर आपण गुलामांच्या स्वतःच्या बोलण्याला अधिक जागा देऊ. लेखकाने आपल्याच थोर ग्रंथाची अशी परखड तपासणी करावी, हे त्याच्या सच्चेपणाचे लक्षण आहे.

पुढच्या संशोधकांनी हे काम हाती घेतले. कॅरोलिन फिक यांनी १९९० साली तळातल्या गुलामांच्या बाजूने या क्रांतीची नवी मांडणी केली. जॉन थॉर्नटन यांनी दाखवून दिले की गुलामांतील अनेकजण काँगोच्या राज्यातील यादवी युद्धांत लढलेले शिपाई होते. जेम्सला वाटले होते की साखरेच्या कारखानदारीने त्यांना आधुनिक कामगारांसारखी शिस्त शिकविली. ती शिकविली असेलही. पण शस्त्रविद्या ते घरून घेऊन आले होते. दलित वाचकाला येथे ‘जातिनिर्मूलन’ आठवल्याशिवाय राहणार नाही. भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही या प्रश्नाला १९३६ साली बाबासाहेबांनी दिलेले उत्तर असे होते, की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र आणि शिक्षण या दोहोंपासून तोडले आणि ते बंड करण्यास असमर्थ झाले. काँगोचा शिपाई जहाजात कोंबला गेला तेव्हा त्याच्या स्मृतीत बंदूक होती. येथल्या व्यवस्थेने पिढ्यानपिढ्या स्मृतीच निःशस्त्र केली.

हैतीच्याच मिशेल-रॉल्फ त्रुयो या विचारवंताने १९९५ साली आणखी एक जखम उघडी केली. १८०२ मध्ये टूसाँ, क्रिस्तोफ, देसालीन हे सेनापती काही काळ लक्लेरला शरण गेले, तेव्हाही डोंगरांत लढत राहिले ते आफ्रिकेत जन्मलेल्या, ‘काँगो’ म्हणून हिणविल्या गेलेल्या लोकांचे गट. त्यांचा एक पुढारी सान-सूसी. सेनापती पुन्हा फ्रेंचांविरुद्ध उलटल्यावर क्रिस्तोफच्या माणसांनी सान-सूसीला बोलावून घेऊन मारले. पुढे क्रिस्तोफ राजा झाला आणि त्याने भव्य राजवाडा बांधला. त्याचे नाव सान-सूसी. आज जग त्या राजवाड्याला ओळखते, त्या माणसाला नाही. क्रांतीच्या पोटातही वरचे आणि खालचे असतात आणि विजयानंतर खालच्याचे नाव वरच्याच्या भिंतीखाली गाडले जाते, हे त्रुयोने पुराव्यानिशी दाखविले.

४

पाश्चात्त्य विचारविश्वाने या क्रांतीचे काय केले, तेही पाहिले पाहिजे. हॅना आरेन्ट यांचा ‘ऑन रिव्होल्यूशन’ हा ग्रंथ १९६३ साली, म्हणजे जेम्सच्या नव्या आवृत्तीच्याच वर्षी आला. त्यात अमेरिकेच्या आणि फ्रान्सच्या राज्यक्रांतीची तुलना आहे. हैतीचा विचार नाही. त्यांच्या मते अमेरिकेची क्रांती यशस्वी झाली कारण तिने स्वातंत्र्याचा प्रश्न भुकेच्या प्रश्नापासून अलग ठेवला. फ्रान्सची फसली कारण भुकेल्यांचा लोंढा राजकारणात शिरला. अमेरिकेत भुकेचा प्रश्न का दिसत नव्हता, तर तो गुलामांच्या झोपड्यांत दडपलेला होता, याची जाणीव त्यांनी ओझरती नोंदवली आणि सिद्धांत मात्र तसाच ठेवला. ज्याचे शरीरच दुसऱ्याच्या मालकीचे, त्याला स्वातंत्र्य आणि भाकरी हे दोन प्रश्न कसे वेगळे करता येतील? चवदार तळ्याचे पाणी हा तहानेचा प्रश्न होता की नागरिकत्वाचा? हैतीला वगळूनच आरेन्ट यांचा सिद्धांत उभा राहू शकतो, आणि म्हणून ते वगळणे साधे विस्मरण ठरत नाही.

हिंसेच्या प्रश्नावर मात्र जेम्स आपल्याला अधिक जवळचा वाटतो. १८०४ मध्ये देसालीनने उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल करविली. हजारो माणसे मारली गेली. मालकांच्या शतकभराच्या क्रौर्यापुढे जेम्स ही गोष्ट मांडतो, पण तिचे समर्थन करीत नाही. सूड ही राजनीती नव्हे आणि त्या कत्तलीने नव्या राष्ट्राचेच मन विद्रूप केले, असे तो म्हणतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत जो भेद केला आहे, त्याच्या प्रकाशात हा भाग वाचावा. व्हेर्तिएरची लढाई गरजेची होती. त्यानंतरची कत्तल इच्छेची होती. या भेदाची जाण नसलेले इतिहासलेखन एक तर सगळ्याच बंडाला रक्तपात म्हणून नाकारते, नाही तर सगळ्याच रक्तपाताला बंड म्हणून डोक्यावर घेते.

आणि १८०४ नंतरची शांतता? १८२५ साली फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवून हैतीला मान्यता देऊ केली, ती १५ कोटी फ्रँकच्या बदल्यात. ही रक्कम होती मळेवाल्यांच्या नुकसानीची, म्हणजे ज्यांनी स्वतःला मुक्त केले त्यांनी स्वतःची किंमत पूर्वीच्या मालकांना चुकवायची. १८३८ मध्ये एकूण बोजा ९ कोटींवर आणला गेला. पण तो फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत चालले. हे ओझे शेवटी कॉफी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीवर गेले. १८२६ च्या ग्रामीण कायद्याने शेतमजुराला पुन्हा मळ्याशी बांधण्याचा प्रयत्न केला, तो हैतीच्याच राज्यकर्त्यांनी. अमेरिकेने १८६२ पर्यंत या देशाला मान्यता दिली नाही, आणि १९१५ ते १९३४ तो लष्करी ताब्यात ठेवला. एप्रिल २०२५ मध्ये, दोनशे वर्षांनंतर, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या वसुलीच्या अभ्यासासाठी संयुक्त आयोग जाहीर केला. जी खंडणी युद्धनौकांच्या तोफा रोखून ठरली, तिचा आता अभ्यास होणार आहे.

५

हा सगळा विचार आपल्या दारापर्यंत आणणे भाग आहे. दलितांच्या युद्ध-इतिहासाचे केंद्र कोरेगाव आहे, आणि ते असणे स्वाभाविक आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्या स्तंभावर आहेत, आणि त्यांत ‘नाक’ हा शब्द नावात असलेले महार शिपाई आहेत. ज्यांना गावाने माणूस मानले नाही त्यांचे नाव दगडावर कोरले गेले, याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. परंतु युद्धाच्या स्तंभापाशी इतिहास थांबत नाही. १८१८ नंतर जी इंग्रजी शांतता आली, तीत वेस कायम राहिली, पाणवठा बंदच राहिला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस ज्यांच्या वाडवडिलांनी रक्त सांडले त्यांनाच लष्कराची दारे बंद झाली, आणि १८९४ साली निवृत्त लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांना त्यासाठी अर्ज लिहावा लागला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडली. १९४१ मध्ये पुन्हा युद्ध होते, पुन्हा महार रेजिमेंट आली. युद्धात शिपाई आणि शांततेत अस्पृश्य, असा हा क्रम आहे. सेंट डोमिंगच्या शिपायाला मळ्यात परत पाठविणाऱ्या क्रमाशी याचे नाते उघड आहे.

आपल्या इतिहासलेखनात शौर्याची पाने पुष्कळ झाली. ती लिहिली जाणे आवश्यक होते, कारण शौर्यच नाकारले गेले होते. पण शौर्याची नोंद मालकाच्या दफ्तरातही असते. मालकाला शूर नोकर हवाच असतो. जे त्याच्या दफ्तरात नाही ते आपण लिहावयाचे आहे : तहानंतर काय झाले, पलटण मोडल्यावर तो शिपाई कोणत्या वेशीबाहेर परतला, आणि त्याची बायको कोणत्या विहिरीवर गेली नाही.

बाबासाहेबांची दृष्टी या बाबतीत स्वच्छ होती. त्यांच्या निधनानंतर १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ या लेखनात त्यांनी बौद्ध धम्माचा उदय ही क्रांती आणि पुष्यमित्राच्या काळातील ब्राह्मणी विजय ही प्रतिक्रांती मानली. त्या प्रतिक्रांतीचे कायमचे काम तलवारीने केले नाही. ते मनुस्मृतीने केले. तलवार म्यान झाल्यावर जो कायदा उरतो तो युद्ध पुढे चालवितो, आणि लोक त्याला शांतता म्हणतात. सेंट डोमिंगचा काळा कायदा, हैतीचा १८२६ चा ग्रामीण कायदा आणि आपली मनुस्मृती ही एकाच जातीची दफ्तरे आहेत.

१९२७ या एका वर्षाकडे पाहावे. १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. मार्चमध्ये चवदार तळ्यावर गेले. २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. युद्धाच्या स्मारकापासून शांततेच्या कायद्यापर्यंतचा हा प्रवास त्यांनी बारा महिन्यांत केला. स्तंभाने त्यांना सांगितले की आपण लढू शकतो. महाडने ठरविले की कशाशी लढायचे. आपल्यातील बरेचसे लेखन अजून १ जानेवारीलाच उभे आहे. जेम्सचा ग्रंथ वाचताना त्याच्या टूसाँबरोबर थांबू नये, त्याने मारलेल्या मोईझच्या माणसांबरोबर पुढे चालावे. त्यांना जमीन हवी होती, आणि ती कुणाच्याही तहात लिहिलेली नव्हती.